स्वस्त रोप की खात्रीचे कलम?

मृगाच्या पहिल्या सरी पडल्या, की गावोगावच्या आठवडी बाजारांत रोपांनी खच्चून भरलेले टेम्पो दिसू लागतात. आंबा, चिकू, पेरू, डाळिंब, संत्रा, लिंबू, नारळ यांपैकी जे मागावे ते एकाच गाडीत मिळते. विक्रेता प्रत्येक जातीचे नाव ठामपणे सांगतो, आणि किंमत मात्र रोपवाटिकेतील दराच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी असते. शहरांत हेच काम आता मोठी सवलतीची दुकाने आणि रस्त्याच्या कडेचे विक्रेते करीत आहेत. घेणाऱ्याला वाटते, झाड ते झाड. मग दुप्पट पैसे का मोजावेत?

हा प्रश्न वरवर पाहता घरगुती काटकसरीचा वाटतो. परंतु ज्या राज्यात फळबागा हा लाखो कुटुंबांच्या उपजीविकेचा आधार आहे, आणि जेथे ग्रामपंचायती, शाळा व सहकारी संस्था दरवर्षी मोठ्या संख्येने रोपे विकत घेतात, तेथे त्याचे उत्तर काळजीपूर्वक शोधावयास हवे. भाजीचे बियाणे निकृष्ट निघाले तर एक हंगाम वाया जातो. फळझाड चुकीचे निघाले तर ती चूक चार-पाच वर्षांनी, फळ हाती आल्यावर कळते. तोपर्यंत खत, पाणी, मजुरी आणि मुख्य म्हणजे वेळ खर्ची पडलेला असतो.

रोपाच्या किमतीत काय सामावलेले असते?

रोप विकत घेताना डोळ्यांना तीनच गोष्टी दिसतात: उंची, पाने आणि टवटवी. परंतु फळझाडाचे खरे मोल या तिन्हींत नसते. ते असते न दिसणाऱ्या तीन गोष्टींत. त्याची कलमकाडी कोणत्या झाडावरून घेतली, ती कोणत्या खुंटावर बांधली आणि त्याच्या मुळांत किंवा खोडात एखादा रोग दडलेला आहे काय, या त्या गोष्टी होत.

चांगल्या रोपवाटिकेचा बहुतेक खर्च या अदृश्य गोष्टींवरच होतो. संत्र्याचे उदाहरण घ्यावे. प्रथम जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचे बी वाफ्यात पेरावे लागते. रोपे थोडी मोठी झाली, की त्यांतील खुरटी व वेगळ्या ठेवणीची रोपे काढून टाकून उरलेली दुसऱ्या वाफ्यात किंवा पिशव्यांत लावावी लागतात. खोड पेन्सिलीएवढे जाड झाले, की त्यावर निवडक मातृवृक्षाचा डोळा भरतात. सगळेच डोळे जीव धरतात असे नाही. जे धरतात ते वाढवून विक्रीयोग्य करावयाचे, तोपर्यंत बी पेरल्यापासून दीड ते दोन वर्षे लोटतात. याशिवाय मातृवृक्षांची स्वतंत्र बाग राखणे, तिच्यावर रोगांची पाहणी करणे आणि नोंदवह्या ठेवणे हा खर्च वेगळाच.

टेम्पोवरील विक्रेत्याला यांतील काहीच करावे लागत नाही. तो पुष्कळदा निरनिराळ्या ठिकाणचा उरलासुरला किंवा निवडीत बाद झालेला माल एकत्र करतो आणि चार दिवसांत विकून मोकळा होतो. तो लबाडच असतो असे मानण्याचे कारण नाही. बहुतेकदा हातावर पोट असलेला तो एक छोटा व्यापारी असतो आणि आपण विकतो ते झाड कोठले, हे त्यालाही ठाऊक नसते. अडचण नेमकी येथेच आहे. ज्याला ठाऊक नाही, तो खात्री देऊ शकत नाही.

नाव आणि वंश

हापूसची कोय पेरली, तर त्या झाडाला हापूसच लागेल याची शाश्वती नसते. हापूसच्या कोयीतून उगवणारे रोप हे परागसंयोगातून निर्माण झालेले नवे झाड असते. त्यात दोन्ही बाजूंचे गुण मिसळतात आणि फळ कसे निघेल हे सांगता येत नाही. म्हणून ज्या झाडाचे फळ उत्तम ठरले आहे त्याचीच फांदी दुसऱ्या खुंटावर जोडून वाढवावी लागते. भेट कलम, कोय कलम, मृदकाष्ठ कलम या सर्व पद्धतींचा हेतू हाच. रत्नागिरीच्या बागेतील हापूसचे कलम हे एका अर्थी जुन्या झाडाचीच पुढे चालू राहिलेली फांदी असते.

यावरून जातीचे नाव म्हणजे काय, हे ध्यानात यावे. पुण्याच्या गणेशखिंड येथील फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी १९२७ मध्ये अलाहाबाद सफेदा पेरूच्या रोपांतून एक सरस झाड निवडले. तेच पुढे ‘लखनौ-४९’ आणि ‘सरदार’ या नावांनी देशभर पसरले. त्याच केंद्रात १९३६ मध्ये आळंदी डाळिंबाच्या रोपांतून निवडलेले झाड नंतर ‘गणेश’ म्हणून प्रसिद्धीस आले. दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ आंबा विकसित करून १९८१ मध्ये प्रसारित केला. या प्रत्येक नावामागे एक निश्चित झाड, एक निवड आणि अनेक वर्षांची पारख आहे. तेथून घेतलेल्या काड्यांची साखळी अखंड असेल तरच त्या नावाला अर्थ असतो. साखळी मधेच तुटली, की पिशवीवरील ‘सरदार’ किंवा ‘केसर’ हे केवळ शब्द उरतात.

साध्या बियांच्या रोपाच्या खोडाला प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून ते कलम म्हणून विकण्याचे प्रकारही घडतात. क्वचित असेही होते, की कलम खरे असते, परंतु वाहतुकीत जोड हलतो, वरची कलमकाडी मरते आणि खालचा खुंट जोमाने फुटतो. शेतकरी त्या फुटीला जपतो, वाढवतो आणि अखेर त्याच्या पदरी रायवळ आंबा किंवा जंबेरी पडते.

सर्वच फळझाडांना हा नियम सारखा लागू नाही. कागदी लिंबाच्या एका बीमधून पुष्कळदा एकाहून अधिक अंकुर निघतात आणि त्यांतील बहुतेक मातृवृक्षासारखेच असतात. त्यामुळे लिंबाची लागवड बियांच्या रोपांपासून करता येते. तेथेही बी निरोगी व भरघोस फळणाऱ्या झाडाचे असणे मात्र आवश्यकच ठरते.

दिसत नाही तो खुंट

कलमाचा खालचा भाग, म्हणजे खुंट, हा खरेदीच्या वेळी सर्वांत दुर्लक्षित राहणारा भाग होय. झाडाचा जोम, जमिनीशी जुळते घेण्याची शक्ती आणि मुळांच्या रोगांना तोंड देण्याची क्षमता बव्हंशी खुंटावर अवलंबून असते. विदर्भातील संत्रा बागायतदारांना याचा अनुभव आहे. भारी, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत फायटोफ्थोरा या बुरशीमुळे मुळे कुजतात, बुंध्यातून डिंक ओघळतो आणि उभे झाड काही वर्षांत वाळते. यालाच बागायतदार डिंक्या म्हणतात.

या रोगापासून संरक्षण देणारा एक साधा उपाय रोपवाटिकेतच करावा लागतो. डोळा जमिनीपासून किमान २२ ते २५ सेंटिमीटर उंचीवर भरला, तर रोगाला बळी पडणारा संत्र्याचा भाग ओल्या मातीपासून दूर राहतो. खाली डोळा भरणे सोपे व जलद असते, म्हणून घाईने तयार केलेल्या कलमांत तो पुष्कळदा जमिनीलगत आढळतो. लागवडीच्या वेळी असा जोड मातीत गाडला गेला, तर पुढे औषधे वापरूनही फारसे साधत नाही. पट्टीने मोजून पाहता येईल अशी ही खूण आहे. ती न पाहता कलम घेऊ नये.

अमरावती जिल्ह्यातील शेंदुरजनाघाट परिसर संत्र्याच्या रोपवाटिकांसाठी प्रसिद्ध आहे आणि तेथून दूरदूरच्या भागांत कलमे जातात. अशा ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन वाफे, खुंट आणि मातृवृक्ष पाहता येणे, हाच टेम्पोच्या खरेदीहून मोठा लाभ आहे.

रोपाबरोबर येणारे पाहुणे

चुकीची जात निघाली तर नुकसान एका बागेपुरते राहते. रोगट रोप आले तर ते शेजारच्या बागांनाही भोवते. म्हणून हा प्रश्न व्यक्तीपुरता न राहता गावाचा होतो.

डाळिंबावरील तेल्या हा जिवाणूजन्य रोग याचे ठळक उदाहरण आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सोलापूर, सांगली, नाशिक या भागांतील अनेक बागांना त्याने ग्रासले. तेल्याचे जिवाणू रोगट झाडाच्या खोडावर व फांद्यांवर राहतात. डाळिंबाची अभिवृद्धी प्रामुख्याने गुटी बांधून होते. रोगट बागेतील फांदीवर बांधलेली गुटी रोग बरोबर घेऊनच नव्या शेतात जाते. तेथून पावसाचे उडणारे थेंब, वारा आणि छाटणीची हत्यारे त्याला पुढे नेतात. त्यामुळे रोगमुक्त बागेतील गुटी किंवा ऊतिसंवर्धित रोप हीच लागवडीची पहिली अट ठरते. सोलापूर येथे २००५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशींतही निरोगी लागवड साहित्यावर भर असतो.

लिंबूवर्गीय झाडांत ट्रिस्टेझा आणि ग्रीनिंग हे रोग डोळ्यांमार्फत पसरतात. रोगट झाडाचा एक डोळा भरला, की रोग नव्या झाडात उतरतो. मग मावा व सिला या किडी तो बागेत फिरवतात. विषाणूने ग्रासलेले झाड फवारणीने बरे होत नाही. म्हणूनच नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत शेंड्याच्या सूक्ष्म कलमाच्या पद्धतीने रोगमुक्त मातृवृक्ष तयार करण्याचे काम केले जाते.

पिशवीतील मातीकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. तिच्यातून सूत्रकृमी, हुमणी, मुळकुजीची बुरशी आणि तणांचे बी नव्या शेतात शिरते. अलीकडच्या वर्षांत पेरूच्या मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमीची एक उपद्रवी जात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरली, ती मुख्यतः रोपांच्या मातीमार्फतच. झाड वरून हिरवे दिसते, पण मुळे गाठींनी भरलेली असतात. दोन-तीन वर्षांत पाने पिवळी पडून झाड मरू लागते आणि त्या जमिनीत पुन्हा पेरू लावणे अवघड होऊन बसते.

काटकसरीचा हिशेब

आता पैशाचा विचार करू. आंब्याची लागवड १० मीटर अंतरावर केली, तर एकरी सुमारे ४० कलमे लागतात. समजा, खात्रीचे कलम स्वस्त कलमापेक्षा ५० रुपयांनी महाग आहे. म्हणजे एका एकरामागे अधिक खर्च २,००० रुपये होईल. संत्रा ६ मीटर अंतरावर लावला, तर एकरी ११० च्या आसपास कलमे लागतात. तेथे ४० रुपयांचा फरक धरला तरी रक्कम ४,४०० रुपयांच्या घरात जाते. हा खर्च एकदाच करावयाचा असतो. उलट खड्डे, खत, ठिबक संच, कुंपण, आच्छादन आणि चार-पाच वर्षांची मजुरी यांचा खर्च कलम स्वस्त असो वा महाग, तेवढाच येतो. एकूण खर्चात कलमाचा वाटा लहान असतो. बागेचे यशापयश मात्र त्यावरच ठरते.

त्यात मरीचाही हिशेब धरला पाहिजे. मुळे उघडी पडलेली, उन्हात दिवसभर गाडीवर फिरलेली रोपे लागवडीनंतर अधिक प्रमाणात मरतात. दुसऱ्या वर्षी नांगे भरावे लागतात, झाडे लहान-मोठी राहतात, आणि पाणी व फवारणीचे वेळापत्रक जुळत नाही. २०१८ मध्ये सुरू करण्यात आलेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी ठेवताना पुढील हप्ते झाडे जगण्याच्या प्रमाणाशी जोडण्यात आले, यामागील तत्त्व हेच होय. झाड लावल्याने फळबाग होत नाही. ती झाड जगल्याने होते.

कायदा आणि व्यवस्था

फळझाडांच्या रोपवाटिका आणि फळझाडांची विक्री यांचे नियमन करण्यासाठी राज्याने १९६९ मध्येच स्वतंत्र अधिनियम केला, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. फळरोपवाटिका चालविणाऱ्याने परवाना घ्यावा, खुंट व कलमकाडी कोठून आणली याची नोंद ठेवावी, मातृवृक्ष व रोपे कीड-रोगांपासून मुक्त राखावीत आणि विकल्या जाणाऱ्या झाडावर त्याची ओळख पटवणारी चिठ्ठी असावी, अशी या व्यवस्थेमागील दृष्टी आहे.

१९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीचा कार्यक्रम सुरू झाला. कोरडवाहू जमिनीवरही आंबा, बोर, सीताफळ, काजू यांच्या बागा उभ्या राहू लागल्या. कलमांची मागणी वाढली, तशा खाजगी रोपवाटिकाही वाढल्या. त्यांत उत्तम कार्य करणाऱ्या पुष्कळ आहेत. राष्ट्रीय बागवानी मंडळ अशा रोपवाटिकांची तपासणी करून त्यांना मानांकन देते. याखेरीज कृषी विभागाच्या रोपवाटिका आणि राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चार कृषी विद्यापीठांची केंद्रे हे खात्रीच्या रोपांचे स्रोत आहेत. कोकणात काजूची कलमे घेणाऱ्यांना वेंगुर्ला येथील फळ संशोधन केंद्राचे नाव सांगावयास नकोच.

परवाना ही सुरुवात आहे, अंतिम हमी नव्हे. परवानाधारकही मागणी वाढली, की बाहेरून माल आणून विकू शकतो. म्हणून रोपवाटिकेत गेल्यावर एक प्रश्न अवश्य विचारावा: या कलमाचा मातृवृक्ष कोठे आहे? जो विक्रेता उठून झाड दाखवतो किंवा नोंदवही उघडतो, त्याच्याकडे खरेदी करावी. जो विषय बदलतो, त्याला नमस्कार करून पुढे जावे.

पावतीचेही महत्त्व तेवढेच. जात, खुंट, संख्या, तारीख आणि परवाना क्रमांक लिहिलेली पावती हाती असेल, तर फसवणूक झाल्यास कृषी विभागाकडे आणि ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असा निर्वाळा दिला. परंतु टेम्पोवाल्याची पावती नसते आणि पुढच्या वर्षी तोही नसतो.

स्वस्त रोप कोठे चालते?

सर्वच रोपे महाग व दुरून आणावीत, असा या विवेचनाचा अर्थ नाही. ज्या रोपाचा गुण खरेदीच्या वेळीच डोळ्यांना दिसतो, ते बाजारातून डोळ्यांनी पारखून घ्यावे. ज्याचा गुण काही वर्षांनी कळणार, ते नोंद पाहून घ्यावे. हा एक नियम ध्यानात ठेवला, तरी पुष्कळ गोंधळ टळेल.

झेंडू, अ‍ॅस्टर, तुळस, गवती चहा, जास्वंद, मोगरा, क्रोटन अशी रोपे जवळच्या बाजारातून स्वस्त घेण्यास हरकत नाही. फूल व पान समोर दिसते, आणि रोप दगावलेच तर हानी अल्प असते. छाटातून सहज येणारी झाडे तर शेजाऱ्याकडून फांदी मागूनही लावता येतात. सावलीच्या झाडांसाठी सामाजिक वनीकरण व वन विभागाच्या रोपवाटिका आहेतच.

शोभेच्या रोपांबाबत एक सावधगिरी मात्र बाळगावी. आपल्याकडील शहरांत विकली जाणारी पुष्कळशी रोपे आंध्र प्रदेशात गोदावरीकाठी असलेल्या कडियम परिसरातून येतात. तेथील दमट हवेत वाढलेले रोप मराठवाड्याच्या किंवा विदर्भाच्या कोरड्या उन्हात एकदम ठेवले, तर पाने करपतात. अशी रोपे आठ-पंधरा दिवस सावलीत, इतर झाडांपासून दूर ठेवावीत आणि हळूहळू उन्हाची सवय करावी. त्या अवधीत पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड असेल तर तीही उघडकीस येते. मोठ्या दुकानांत रोपे छपराखाली व अनियमित पाण्यावर पडून असतात. तेथून घ्यावयाचेच असेल, तर नवा माल येतो त्या दिवशी घेणे बरे.

कलम कसे पारखावे?

कलम सरळ वाढलेले, मध्यम उंचीचे आणि खोडाने जाड असावे. सर्वांत उंच रोप सर्वांत चांगले, ही समजूत चुकीची आहे. दाटीत व सावलीत वाढलेले रोप उंच पण किरकिरे होते. जोड एकजीव झालेला असावा. हलकेच वाकवून पाहिल्यास तेथे फट दिसू नये. पट्टी खोडात रुतलेली नसावी. जोडाखाली खुंटाला फुटवे नसावेत. असतील तर ते काढून टाकावेत. पाने पक्व असावीत. नुकतीच कोवळी पालवी फुटलेले कलम प्रवासात व लागवडीत लवकर सुकते.

पिशवीच्या तळातून जाड मुळे बाहेर आलेली असतील, तर रोप पिशवीत फार काळ राहिले असे समजावे. अशा रोपाची मुळे आत गोल गुंडाळली जातात आणि जमिनीत लावल्यावरही पसरत नाहीत. उलट माती सैल असून रोप सहज उपसून येत असेल, तर ते नुकतेच पिशवीत भरलेले आहे. फुले किंवा फळे लागलेले छोटे कलम पाहून मोहून जाऊ नये. ज्याने मुळे वाढवावयाची, त्याने फळाचा भार वाहिला तर त्याची पुढील वाढ खुंटते. शंभर रोपे घेताना दोन-चार रोपे पिशवी फाडून मुळे पाहण्यासाठी खर्ची घालावीत. हा खर्च वाया जात नाही.

सार्वजनिक खरेदीची जबाबदारी

ग्रामपंचायत, शाळा किंवा शासकीय कार्यालय रोपे घेते तेव्हा किमान दराच्या निविदेचा नियम आडवा येतो, अशी तक्रार ऐकू येते. वास्तविक अडचण नियमात नसून मागणीपत्रात असते. ‘आंबा कलमे, ५०० नग’ एवढेच लिहिले, तर सर्वांत निकृष्ट कलमाचा दर सर्वांत कमी येणार, हे उघड आहे. तेच मागणीपत्र जात, खुंट, कलमाची पद्धत, वय, खोडाची जाडी, जोडाची उंची, पिशवीचा आकार, परवाना अथवा मानांकन क्रमांक, नावाची चिठ्ठी आणि ठराविक मुदतीत मेलेली रोपे बदलून देण्याची हमी, एवढ्या अटींसह लिहिले, तर दरांची तुलना समान मालाची होते. माल स्वीकारताना कृषी सहायक, एक शिक्षक आणि गावातील एक जाणता बागायतदार यांनी पाहणी करून नोंद करावी.

दुसरी गोष्ट वेळेची. शेतकरी टेम्पोकडे वळतो तो केवळ स्वस्ताईमुळे नव्हे. चांगली रोपवाटिका ५०-६० किलोमीटर दूर असते, दहा-वीस कलमांसाठी तेथे जाण्याचे भाडे परवडत नाही, आणि पाऊस पडल्यावर गेले तर कलमे संपलेली असतात. हे कारण खरे आहे आणि त्याचा उपाय गावालाच करता येण्याजोगा आहे. ग्रामपंचायतीने हिवाळ्यात मागणीची यादी करावी, उन्हाळा लागण्यापूर्वी रोपवाटिकेत नोंदणी करावी आणि पावसाच्या तोंडावर एकच वाहन पाठवून सर्वांची कलमे एकदम आणावीत. वाहतूक खर्च वाटला जातो, आणि कोणत्या शेतात कोणते कलम गेले याची यादीही आपोआप तयार होते. पुढे रोग आला तर ती यादी फार उपयोगी पडते.

शाळांनाही येथे करण्याजोगे पुष्कळ आहे. रायवळ आंब्याच्या कोयी रुजवून त्यावर मृदकाष्ठ कलम कसे बांधतात, याचे प्रात्यक्षिक कृषी विज्ञान केंद्राच्या साहाय्याने परसबागेत घेता येईल. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने एक कलम बांधले आणि ते जगते की नाही याची आठवडेभर वाट पाहिली, त्याला चांगल्या कलमाची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही. उद्या घरात खरेदीचा विचार निघेल तेव्हा जोड कोठे आहे, हे तोच प्रथम पाहील.

आज लावलेले आंब्याचे कलम नीट निपजले, तर लावणाऱ्याच्या नातवंडांनाही फळे देईल. इतक्या दीर्घ मुदतीच्या व्यवहारात दहा-वीस रुपयांच्या फरकावर निर्णय सोपवणे शहाणपणाचे नाही. येत्या हंगामासाठी गावाची यादी या हिवाळ्यातच तयार झाली, तर पावसाळ्यात बाजारात उभ्या राहणाऱ्या टेम्पोकडून फुलझाडे खुशाल घ्यावीत. फळझाडे मात्र तोवर खात्रीच्या रोपवाटिकेतून गावात येऊन पोचलेली असतील.